मुळाशी न कापता सोडवलेली जट : एका बाळंतिणीचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा तालुका. इथून कर्नाटकातल्या सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेला दरवर्षी गाड्या भरून जातात आणि बाईच्या डोक्यात केसांचा गुंता झाला की घरात पहिला शब्द निघतो तो 'जट', म्हणजे देवी आल्याची खूण. मी तालुक्याच्या गावी पार्लर चालवते. जट निर्मूलनाचं काम करणाऱ्या कार्यकर्त्या बोलावतात तेव्हा त्यांच्याबरोबर जाते. बहुतेक ठिकाणी जट कापली जाते आणि ते बरोबरही असतं. या प्रकरणात मात्र ती सोडवली, म्हणून सगळं नीट मांडून ठेवते आहे. बाईला इथे शालन म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, केसांचं जे झालं ते तसंच ठेवलं आहे.

शालनचं वय तिशीच्या आसपास. दुसरं बाळंतपण सिझेरियननं झालं, टाक्यांत पू झाला, त्यात ताप. दोनेक महिने ती अंथरुणावर होती. कमरेपर्यंतचे केस, त्यांचा मानेवर अंबाडा. बाळंतीण म्हणून डोक्यावर रोज तेल थापलं जायचं, पण केसांतून कंगवा कुणी फिरवला नाही. उताणं झोपून मानेमागचा भाग उशीला घासत राहिला.

त्यातच केसगळ सुरू झाली. बाळंतपणानंतर किंवा मोठ्या तापानंतर दोन ते चार महिन्यांनी केस भराभर गळतात, हे कुठलाही त्वचारोगतज्ज्ञ सांगेल. एरवी गळलेला केस कंगव्यात येतो. कंगवाच नसेल तर तो डोक्यावरच्या केसांत अडकून बसतो आणि शेजारच्यांना घट्ट धरतो. केसावर टोकाच्या दिशेनं वळलेले बारीक खवले असतात. ओल आणि घासणं मिळालं की हे खवले एकमेकांत गुंततात. आपल्याकडे बुरणूस, म्हणजे लोकरीचं जाड अंथरूण, करतात तो असाच, विणल्याशिवाय, ओली लोकर तुडवून आणि दाबून.

शालन उठून बसली तेव्हा कंगवा मानेशी अडला. सासूबाईंनी हात लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "आई आली घरात."

इथपर्यंतचा गुंता दोन दुपारी बसून निघाला असता. पुढचे बारा-तेरा महिने त्याला कुणी हात लावला नाही, म्हणून त्याची जट झाली. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिच्यावर हळदी-कुंकू, वर तेल. न्हाताना ती ओली व्हायची, आत वाळायची नाही.

अडचण

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मागच्या बाजूला मनगटाएवढी जाड, वीतभर लांबीची एक जट होती आणि डाव्या कानामागे बोटाएवढ्या दोन. टाळूवरचे आणि पुढचे केस मोकळे होते. शालन मान सरळ ठेवून झोपू शकत नव्हती. आत खाज होती, वास होता, आणि दूध पिताना बाळाची मूठ त्या जटेत अडकायची.

खरी अडचण केसांच्या बाहेर होती. गावातल्या एका जोगतिणीनं, म्हणजे देवीला वाहिलेल्या बाईनं, सांगितलं होतं की शालननं परडी, म्हणजे देवीची टोपली, घेऊन जोगवा मागावा. पूर्वी जट आलेल्या मुलींना देवीला सोडलं, म्हणजे देवदासी केलं जायचं. ते आता गुन्हा आहे; कर्नाटकात १९८२ चा आणि महाराष्ट्रात २००५ चा देवदासी प्रथा निर्मूलन कायदा त्यासाठी झाला. शालन लग्न झालेली, दोन लेकरांची आई. तिला कुणी सोडणार नव्हतं, पण परडीची गोष्ट घरात रोज निघत होती. नवरा साखर कारखान्याच्या वाहतुकीत ट्रॅक्टरवर, हंगामात घरी क्वचित. तो म्हणायचा, "तुला पायजे ते कर, पण आईला दुखवू नको."

कार्यकर्त्या आधी दोनदा येऊन गेल्या होत्या. त्यांनी कापायचं सुचवलं. शालन दोन्ही वेळा नाही म्हणाली. तिसऱ्या वेळी मी गेले आणि तिला एवढंच विचारलं, नको म्हणजे नेमकं काय नको? तेव्हा दोन वेगळी उत्तरं आली. एक अपेक्षित होतं: जट कापली की लेकरावर येतं. दुसरं तिनं हळू आवाजात सांगितलं, "ताई, नवरा जिता हाय माझा. बोडकी का हू मी?"

हे दुसरं उत्तर ऐकल्याशिवाय या प्रकरणात काहीच करता आलं नसतं. मागची जट मुळाशी कापली असती तर मानेवर तळहाताएवढा भाग उघडा पडला असता. शहरातल्या मुली मानेवर मशीन फिरवून घेतात. तिच्या गावात आजही म्हाताऱ्या बायकांना बोडक्या विधवा आठवतात. ती अंधश्रद्धेपोटी नाही म्हणते आहे असं धरून आम्ही तिला देवीबद्दल समजावत होतो आणि तिचा अर्धा प्रश्न कुंकवाचा होता.

पर्याय

तसंच ठेवायचं, हा पर्याय शालननंच बाद केला. तिला ती जट नको होती.

मुळाशी कापणं तासाभराचं काम. वेदना नाहीत, खर्च नाही. जट अनेक वर्षांची असेल, डोक्यावर जखमा असतील, किंवा बाईला एका झटक्यात मोकळं व्हायचं असेल तर मी आजही हाच पर्याय पुढे ठेवते.

तिसरा पर्याय मधला होता, खालची अर्धी जट कापून वरची सोडवायची. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे जट बसल्यापासून मुळाशी चौदा-पंधरा सेंटिमीटर नवा केस आलेला होता आणि तो तुलनेनं कमी घट्ट असणार होता. हिशेब बरोबर होता, पण त्यात पहिल्याच दिवशी कात्री येत होती.

चौथा पर्याय पूर्ण सोडवण्याचा. याला आठवडे लागतात, मान अवघडते, आणि शेवटी किती केस हाती लागतील याची हमी नसते. जट सोडवता येईल का, हे मी तीन गोष्टींवरून ठरवते. कातडी आणि जट यांच्यामध्ये बोटाचं टोक जाईल एवढी मोकळी जागा आहे का. जट दाबली तर दबते की लाकडासारखी लागते. आणि टोकाशी सुट्या बटा दिसतात का. शालनच्या बाबतीत तिन्हीची उत्तरं बरी होती, फक्त मधला भाग कडक होता.

शालननं चौथा पर्याय निवडला. मी एक अट घातली आणि तिनं एक. माझी अट होती की आधी डॉक्टर. तिची अट होती की कात्री खोलीत आणायची नाही.

सुरुवातीआधीच्या दोन गोष्टी

उपजिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी डोकं तपासलं. मानेवर दाद, म्हणजे नायटा, होती, उवा आणि लिखा होत्या. दोन्हीवर औषध दिलं, रक्त कमी होतं म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या आणि दाद सुकेपर्यंत जटेला हात लावू नका म्हणाले. खेड्यात उवांवर अजूनही रॉकेल लावतात. जट रॉकेल शोषून घेते आणि बाई मग चुलीसमोर बसते. हे कुठे दिसलं तर आधी ते थांबवावं.

दुसरी गोष्ट सासूबाईंची. त्यांचं म्हणणं, सुरू करण्याआधी घरात आईची ओटी भरायची. माझ्या सोबतच्या एका कार्यकर्तीला हे पटलं नाही. तिचं म्हणणं असं की ओटी भरली तर जट देवीचीच होती हे आपण मान्य केलं. तिच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि या कामात हा वाद नेहमीचा आहे. मी ओटीच्या बाजूनं बोलले. ओटी भरण्यात कुणाची फसवणूक नव्हती, कुणी पैसे उकळत नव्हतं, आणि ज्या घरात आम्हाला आठवड्यांमागून आठवडे बसायचं होतं त्या घरातल्या मोठ्या बाईला बाहेर ठेवून काम झालं नसतं. ओटी भरली गेली. सासूबाई मग रोज पाणी तापवून द्यायला लागल्या.

प्रत्यक्ष काम

आधी कानामागच्या दोन बारीक जटा घेतल्या, मुद्दाम. एकीवर खोबरेल तेल, दुसरीवर कंडिशनर. सासूबाईंचा तेलावर विश्वास होता आणि माझा कंडिशनरवर. दोघींसमोर दोन्ही करून पाहणं हाच मार्ग होता. तेलाच्या जटेत वर्षभराचं कुंकू, धूळ आणि जुनं तेल मिळून लगदा झाला, सुई घसरायची पण केस सुटायचे नाहीत. कंडिशनरची जट त्याच दुपारी टोकापासून निम्मी उलगडली. याचं कारण सरळ आहे. केसावर ऋण विद्युतभार असतो आणि कंडिशनरमधल्या मुख्य घटकावर धन. तो केसाला चिकटून बसतो, खवले सपाट होतात, घर्षण कमी होतं. महागड्या बाटलीची गरज नाही, पार्लरमध्ये लिटरच्या डब्यात मिळतो तो साधा कंडिशनर पुरला. तो मात्र हात आखडता न घेता लावावा लागतो, जट आतपर्यंत भिजेल इतका.

पुढे मोठ्या जटेसाठी क्रम असा ठरला. आधी कोमट पाणी आणि शाम्पू, दोनदा, कुंकवाचं लाल पाणी थांबेपर्यंत. मग कंडिशनर लावून जट हातानं चुरायची, जागच्या जागी, पिळायची नाही. पंधरा-वीस मिनिटांनी काम सुरू, नेहमी टोकाकडून. मुळाकडून सुरू केलं की सुटलेला गुंता खाली सरकून आणखी घट्ट बसतो.

हत्यारं दोनच, शेपटीच्या कंगव्याची धातूची शेपटी आणि लोकर विणायची बोथट सुई. क्रोशाची सुई मी वापरत नाही, तिच्या आकड्यात निरोगी केसही येतो आणि तुटतो. सुई गुंत्यात आडवी घालून थोडे केस बाहेरच्या बाजूला ओढून काढायचे. एका हातानं गाठीच्या वरचा भाग चिमटीत घट्ट धरायचा, म्हणजे ओढ कातडीपर्यंत पोचत नाही. ओला केस ताणला जातो आणि लवकर तुटतो, म्हणून कंगव्याचे दात अगदी शेवटी, बट पूर्ण सुटल्यावरच. सुटलेल्या केसांची लगेच सैल वेणी घालायची. नाहीतर रात्रीतून ते पुन्हा शेजारच्या गुंत्यात शिरतात.

प्रत्येक बैठकीनंतर जट आतून वाळवणं महत्त्वाचं. वरून कोरडी दिसते, आत दिवसभर ओली राहते, आणि दाद परत येते. उन्हाला पाठ करून बसायचं, वीज असेल तर ड्रायर थंड हवेवर.

मी आठवड्यातून एक-दोन दुपारी जायचे. मधल्या दिवसांत शालन आणि तिची जाऊ मिळून करायच्या. खरं काम त्यांनीच केलं.

निर्णयाचे तीन प्रसंग

पहिला प्रसंग केसांच्या ढिगाचा. तिसऱ्या-चौथ्या बैठकीत जटेतून ओंजळभर केस सुटून खाली आले आणि सासूबाई घाबरल्या, "सगळी केसं चालली की गं!" काम थांबलं. मी त्यातले काही केस पांढऱ्या कपड्यावर ठेवले आणि टोकं बघायला सांगितली. आपणहून गळलेल्या केसाच्या मुळाकडच्या टोकाला पांढरा बारीक ठिपका असतो, तुटलेल्या केसाला नसतो. जवळजवळ सगळ्यांना ठिपका होता. माणसाचे रोज ५० ते १०० केस गळतात. वर्षभरात जे गळायचे ते गळून आत अडकले होते, ते आता बाहेर येत होते. शालननं एकेक केस उजेडात धरून पाहिला. त्यानंतर प्रत्येक बैठक संपली की ती स्वतः ठिपके बघायची, आणि बिनठिपक्याचे केस वाढले की जावेला म्हणायची, "सावकाश कर, तुटायल्यात."

माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात मोठी गोष्ट इथे घडली. कापलेली जट अखंड असते. ती गाठोड्यात बांधून ठेवतात, नदीत सोडतात, आणि ती कशाची होती हा प्रश्न तसाच राहतो. सोडवलेल्या जटेतून बाई स्वतःच्या हातानं आपलं आजारपण बाहेर काढते. गळलेले केस, उशीचा कापूस, कुंकू. शालनच्या जटेत एक कवडीही निघाली. जोगतिणीनं बांधलेली ती आत रुतून गेली होती. ती काढायची कुणी, यावर खोलीत जरा वेळ कुणीच बोललं नाही. मी हात मागे घेतला. शालननं ती सुईनं सोडवली, धुतली आणि देव्हाऱ्यात ठेवून आली.

दुसरा प्रसंग बाळाच्या तापाचा. काम निम्म्यावर असताना बाळाला ताप आला, आणि घरात जे बोललं जायचं ते बोललं गेलं. नवऱ्याचा फोन आला, थांबवा. शालननंही जट फडक्यात बांधून टाकली. इथे वाद घालणं व्यर्थ होतं. आम्ही बाळाला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. साधी सर्दी होती, गावात त्या आठवड्यात बऱ्याच लेकरांना होती. ताप उतरला तरी मी आपणहून गेले नाही. शालनचा निरोप येईपर्यंत थांबायचं ठरवलं. या थांबण्यानं थोडा सुटलेला भाग पुन्हा आवळला, आणि तरी ते योग्य होतं असं मला वाटतं. निरोप आला तो सासूबाईंचा: अर्धवट ठेवू नये.

तिसरा प्रसंग कडक भागाचा. मुळापासून चार बोटांवर लिंबाएवढा गोळा होता, बुरणुसासारखा दाबलेला. सुई आत जाईना, जोर लावला की कातडी लाल व्हायची. असं ओढत राहिलं तर केस मुळापासून उपटून कायमचं टक्कल पडू शकतं. पर्याय दोन होते. गोळा आडवा कापून टाकायचा, म्हणजे खालचे सगळे केस गेले. किंवा त्याला उभी चीर द्यायची, केसांच्याच दिशेनं, म्हणजे गोळ्याचे चार बारीक भाग होतात आणि प्रत्येक वेगळा सोडवता येतो. उभ्या चिरेत थोडेच केस तुटतात, लांबी राहते. पण चीर म्हणजे कात्री, आणि ती शालनच्या अटीत बसत नव्हती.

मी दोन्ही सांगितलं आणि आजच ठरवायला हवं असं नाही, हेही सांगितलं. पुढच्या खेपेला कात्री तिनंच घरातून काढून ठेवली होती. सासूबाई त्या दुपारी बाहेर जाऊन बसल्या. चिरा मी दिल्या, प्रत्येक वेळी बोट कातडी आणि कात्रीच्या मध्ये ठेवून.

परिणाम

जट पूर्ण सुटली. वीतभर दिसणारी जट सुटल्यावर मागचे केस पाठीच्या मध्यापर्यंत आले, कारण गुंता केसांची लांबी गिळून बसतो. ते विरळ होते आणि टोकं फाटलेली. महिन्याभरानं शालन पार्लरमध्ये आली आणि खांद्याखालपर्यंत कापून घेऊन गेली, स्वतःच्या मर्जीनं, पैसे देऊन. वेणी होते, अंबाडा होतो. मान दुखायची थांबली. मानेवरची दाद एकदा परत आली आणि औषधानं गेली.

सासूबाई आजही म्हणतात की आईनं सोडवून घेतलं. शालन यावर काही बोलत नाही. परडीचा विषय घरात निघत नाही. जावेनं मात्र शेजारच्या गल्लीतल्या एका मुलीच्या मानेमागचा गुंता दोन दिवसांत सोडवला, कुणी नाव ठेवायच्या आत.

काय वेगळं करता येईल

उभ्या चिरेची गोष्ट पहिल्याच दिवशी बोलून ठेवावी. कात्री नको या अटीत आडवी कात्री नको एवढंच अभिप्रेत असतं का, हे तेव्हाच विचारता येतं. आधी कळलं तर कडक भागावर दमणूक होत नाही आणि कातडीही वाचते.

घरात लहान मूल असेल तर सुरुवातीलाच आशाताईंना सामील करून घ्यावं. मुलाचं वजन, लसी, किरकोळ आजार यांची नोंद त्यांच्याकडे असते. मध्येच ताप आला तर आधीही असे ताप येऊन गेले होते, हे त्यांच्या वहीतून दाखवता येतं.

कापायचं की सोडवायचं, याचा निर्णय जटेच्या वयावर सोडावा असं काही जण म्हणतात. जट जितकी जुनी तितकं सोडवणं अवघड, हे खरं. पाच-दहा वर्षांच्या जटेला मी सुई लावणार नाही. पण वर्ष-दीड वर्षाच्या आतली जट असेल आणि कातडी निरोगी असेल, तर बाईला दोन्ही वाटा समान मोकळ्या सांगाव्यात. सोडवण्याची वाट सांगताना तिचा वेळही सांगावा. शालनच्या घरात जाऊ होती म्हणून हे निभावलं. एकट्या बाईला मानेमागे हात पुरत नाही, आणि रोजंदारीवर जाणाऱ्या बाईच्या इतक्या दुपारी बुडणं परवडत नाही. तिच्यासाठी तासाभराची कात्रीच बरी, आणि मानेवर केस येईपर्यंत वरचे केस मागे घेऊन अंबाडा कसा घालायचा ते मी तिला शिकवते.

आणि बाळंतपणाच्या घरी जाणाऱ्या सगळ्यांना एक विनंती. बाळंतिणीला उठवत नसेल तर तिच्या केसांच्या दोन सैल वेण्या घालून पुढे घ्या, आणि दोन दिवसांआड कुणीतरी हातानं मोकळ्या करून पुन्हा घाला.